पोपड्यांचं वजन

पुराची रेघ खिडकीच्या वर आहे. ती वेगळी.
कृष्णा आली, चार दिवस राहिली, गेली.
हरिपूर रोडला हे सगळ्यांना ठाऊक आहे.
ही ओल खालून येते,
ऐन चैत्रात, नळाला पाणी नसतं तेव्हासुद्धा,
विटेतून विटेत,
वातीत तेल चढावं तशी.

मी काटे दुरुस्त करतो, मार्केट यार्डात,
हळदीची पोती ज्यांच्यावर चढतात ते.
एकोणतीस वर्षं झाली. हात गप्प बसत नाही.
म्हणून दर रविवारी भिंतीखाली सांडलेले पोपडे
सुपलीत गोळा केले,
घरच्या छोट्या काट्यावर ठेवले
आणि वहीत आकडा लिहिला.
विमल म्हणाली, भिंत किलोवर विकायला काढलीय का?

पहिला महिना, दोनशे दहा ग्रॅम.

बाहुबली उपाध्येंच्या दुकानात डबा मिळाला.
दहा वर्षांची गॅरंटी, मालक.
कशाची? मी विचारलं.
डब्याची, ते म्हणाले, आणि स्वतःच हसले.
दोन हात मारले. चार महिने वहीत शून्य.
शून्य लिहिताना मी जरा मोठं काढायचो.
पाचव्या महिन्यात रंग पुरीसारखा फुगला.
बोटानं दाबला तर आत पाणी नव्हतं,
मीठ होतं, पांढरं, कापसासारखं,
आणि ओल हातभर वर सरकून
लेकीच्या उंचीच्या खुणांमध्ये जाऊन बसली होती,
दुसरी आणि तिसरी इयत्ता यांच्या मधे.

मग भोकं.
ड्रिल भाड्यानं, दिवसाला दोनशे.
चार बोटांवर एक, तिरकं, खाली उतरतं,
नरसाळ्यानं औषध पाजत बसलो रात्री दोनपर्यंत.
वैजयंतीकाकू कुंपणावरून विचारत होत्या,
कोण आजारी आहे हो तुमच्याकडं?
त्या महिन्यात एकशे साठ.
औषधानं उतरलं की थंडी होती म्हणून,
सांगता येईना. वहीत
कारणाचा रकानाच आखला नव्हता मी.

मेव्हणा म्हणाला, टाइल मार, दिसणारच नाही.
काट्याच्या ताटाखाली खडा चिकटवणारे व्यापारी
मी खूप पाहिलेत.
नको म्हटलं.

शेवटी मिरजेहून रमजान गवंडी आला.
चहा नाही, भिंत नाही, आत पाऊलसुद्धा नाही,
सरळ बाहेर जाऊन उकिडवा बसला.
जोतं कुठाय?
मी बोट दाखवायला गेलो आणि बोट तसंच राहिलं.
स्कूटर चढावी म्हणून चार वर्षांमागं
मीच भराव टाकला होता, दीड फूट,
वर ब्लॉक, वर सिमेंट, वर आमचं कौतुक.
गाडलंत की, तो म्हणाला. रागानं नाही.

दोघांनी मिळून खणलं.
काळी माती, मे महिन्यात चिकट.
तिसऱ्या घमेल्यात माझं पन्नास ग्रॅमचं पितळी वजन निघालं,
जे पोऱ्यानं चोरलं म्हणून
मी त्याला कामावरून काढलं होतं.
धुतलं, काट्यावर ठेवलं.
एकोणपन्नास पूर्णांक काहीतरी.
विमलला सांगितलं नाही.

आतलं सिमेंट कंबरेपर्यंत खरवडलं, चुना लावला.
ओलीला बाहेर पडायला वाट ठेवा, रमजान म्हणाला,
आत राहायची हौस तिलाही नाही.

आता लोक विचारतात, कुठला डबा आणू?
मी म्हणतो, आधी बाहेर जाऊन उकिडवे बसा.
त्यांना वाटतं, म्हातारा चेष्टा करतो.

कपाट अजून भिंतीपासून चार बोटं लांब आहे.
गेल्या महिन्यात अकरा ग्रॅम.
पाऊस यायचाय, तेव्हा बघू.
बरी झाली का हो भिंत, काकू विचारतात.
विमल म्हणते, वही संपली, आता पुरे.
दुसरी आणलीय,
आणि तिच्यात एक रकाना जास्तीचा आखलाय,
रिकामा.